उजव्या कोपऱ्यातला जिना

घरी मी सांगितलं की कचेरीच्या कामासाठी खानदेशात जातोय. कचेरीत सांगितलं की घरगुती काम आहे. दोन्ही खोटं होतं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला खोटं बोलून गाडीत बसावं लागतं, यावरूनच प्रवासाचं कारण काय असेल याचा वाचकांना अंदाज येईल. ते मी लपवणार नाही. लपवण्याचंच काम आतापर्यंत पुष्कळ केलं आहे.

मी मुंबईला एका वास्तुविशारदाच्या कचेरीत नकाशे आखतो. लढाईमुळे सिमेंट नाही, लोखंड नाही, त्यामुळे बांधकामं बंद आणि रजा मागेल त्याला मिळते. सामानात एक वळकटी होती, एक पिशवी होती आणि मेणकापडात गुंडाळलेली अडीच फूट लांब, दोन फूट रुंद अशी एक फळी होती. ही सगळी हकिगत त्या फळीची आहे.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुंबईत वास्तुविद्येच्या वर्गात होतो. दुसरा आत्माराम, तळोद्याचा. आमचं नकाशाचं टेबल एकच होतं. वर्गात कागदाचे तुकडे फार पडत. निळ्या नकाशांच्या कडा, ट्रेसिंगच्या कापडाच्या पट्ट्या, फसलेले आराखडे. हे तुकडे एका फळीवर खळीनं चिकटवायचे, त्यांत ट्रामची तिकिटं, लुगड्याचा काठ, लाकडाचा भुसा, चुना असं काहीबाही मिसळायचं, असा एक नाद आम्हाला लागला. या प्रकाराला परदेशात काही नाव आहे आणि मोठे लोक ते करतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला डकवण म्हणत असू.

डकवणीचा आमचा एक नियम होता. एक दिवस त्याची पाळी, एक दिवस माझी. दुसऱ्यानं डकवलेलं काही उपटायचं नाही. आवडलं नाही तर त्यावर आपलं काही डकवून झाकायचं. चित्र संपलं असं दोघांनाही वाटलं की उजव्या खालच्या कोपऱ्यात नकाशावर असते तशी चौकट काढायची आणि तीत दोघांची नावं लिहायची. अशा चार डकवणी आम्ही केल्या.

चौथी चांगली झाली होती. ती प्रदर्शनाला द्यायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात आत्मारामचे वडील गेल्याची तार आली. तो गावी गेला. फळी घेऊन मी एकटा गेलो. अर्जावर चित्रकाराच्या नावासाठी एकच ओळ होती. मी माझं नाव लिहिलं. कारकून म्हणाला की चित्रावर तर दोन नावं दिसतात. मी त्याला म्हणालो, उद्या दुरुस्त करून आणतो. रात्रभर मी स्वतःला सांगत होतो की आत्माराम इथे नाही, त्याला कुठे शोधायचं, नंतर सांगू. सकाळी एका निळ्या नकाशातून जिन्याच्या उभ्या छेदाचं चित्र कापलं आणि चौकटीवर डकवलं. त्यावर बारीक पांढऱ्या अक्षरात माझं एकट्याचं नाव घातलं. झाकणं तर आमच्या नियमात बसतंच, असंही मनाशी म्हणालो. घाईत जिना उलटा बसला. पायऱ्या वरून खाली उतरून भिंतीत जात होत्या.

त्या चित्राला पदक मिळालं. परीक्षकांनी खास करून त्या कोपऱ्याचं कौतुक केलं, कुठेच न पोहोचणाऱ्या जिन्यात त्यांना खोल अर्थ दिसला. ते चित्र पाहूनच मला ही नोकरी मिळाली. महिन्याभरानं आत्माराम परत आला तेव्हा मी त्याला प्रदर्शनात घेऊन गेलो, कारण न नेणं जास्त वाईट दिसलं असतं. तो चित्राच्या कोपऱ्यावर वाकला. मग म्हणाला, "जिना उलटा लागलाय." दुसऱ्या दिवशी तो तळोद्याला गेला तो परत आला नाही. पदविकेची परीक्षा त्यानं दिली नाही.

ती फळी मी वर्षानुवर्षं कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवली होती. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत बायकोनं ती काढून बैठकीत टांगली. एका मासिकाचे संपादक आमच्याकडे आले होते, त्यांना ती फार आवडली. वासंतिक अंकात रंगीत छापू म्हणाले आणि चित्राखाली घालायला चित्रकाराचं नाव आणि चार ओळी मागितल्या. त्या चार ओळी लिहायला मी तीनदा बसलो. मग रजेचा अर्ज लिहिला.

नंदुरबार

सुरतेहून तापीकाठच्या गाडीनं सकाळी नंदुरबारला उतरलो. पौषाचे दिवस होते. स्टेशनाबाहेर पडल्यावर पहिली ओळख मिरचीची झाली. उघड्या जमिनीवर लाल मिरची वाळत घातलेली, सतरंजीमागून सतरंजी अंथरावी तशी, आणि तिच्यामधून वाट. मला शिंकांवर शिंका येऊ लागल्या. मिरची उलथणाऱ्या बायका हसल्या. त्यांतली एक दुसरीला काही म्हणाली, ते मी धर्मशाळेच्या माणसाला नंतर विचारून घेतलं. "मुंबईना शे, नाक कवळं शे," असं ती म्हणाली होती. मुंबईचा आहे, नाक कोवळं आहे.

इथे मराठी शाळेत आणि कचेरीत चालते, बाजारात अहिराणी. आत्माराम पहिल्या वर्षी बोलताना अधूनमधून "शे" म्हणायचा आणि आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो. मीही करायचो. दुसऱ्या वर्षी त्यानं ते बोलणं साफ सोडून दिलं. नंदुरबारच्या बाजारात जो तो त्याच्यासारखं बोलताना ऐकलं तेव्हा ते आठवलं. फळीच्या मानानं ही लहान गोष्ट, पण ती मी विसरलो होतो, हे खरं.

तापी ओलांडताना

तळोद्याकडे जाणारी लॉरी कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. पेट्रोल मिळत नाही म्हणून मागे एक पत्र्याचं पिंप बसवलेलं, त्यात लोणारी कोळसा. ड्रायव्हर लोखंडी सळईनं तो ढोसायचा. चढ लागला की गाडी थांबायची, आम्ही सगळे उतरायचो, पुरुष ढकलायचे आणि बायका चालायच्या. एका चढावर मी फळी काखेत धरून ढकलत होतो. शेजारचा शेतकरी म्हणाला की ती गाडीतच ठेवा, कुणी चोरणार नाही. मी ठेवली. परत चढलो तेव्हा तिच्यावर एक म्हातारी बसली होती आणि तिच्या मांडीवर टोपलीत दोन कोंबड्या. उठा म्हणायचा धीर मला झाला नाही.

नदीवर लॉरी सोडली. पाणी थंडीत ओसरलेलं असलं तरी मधल्या धारेला नाव लागते. नावाड्यानं माझ्या हातातली फळी बघितली, काही न विचारता घेतली आणि नावेत आडवी टाकली. बसायला चांगली फळी आहे, या अर्थी म्हणाला, "बठा साहेब, फयी चांगली शे." मी बसलो नाही. मी तिच्याशेजारी ओल्या बांबूवर बसलो, आणि माझ्याकडे बघून इतर लोकही तिच्यावर बसले नाहीत. त्यांना वाटलं असावं की आत देव आहे.

नावेच्या तळाला चार बोटं पाणी साचलं होतं. फळीचा एक कोपरा त्यात बुडाला आहे, हे पलीकडे उतरताना लक्षात आलं. मेणकापडाची घडी तिथेच उघडी पडली होती. उघडून बघायला हवं होतं. बघितलं नाही. पुढे तळोद्यापर्यंत बैलगाडीत ती मांडीवर धरून बसलो. मुंबईहून इथवर ज्याला तोंड द्यायला आलो होतो, तेच उघडून बघायला भीत होतो.

तळोदा

तळोदा हा डोंगराच्या पायथ्याचा बाजार आहे. उत्तरेला सातपुडा भिंतीसारखा उभा, आणि त्या भिंतीतून बाजाराच्या दिवशी माणसं उतरतात. पाठीवर आमचूर, डिंक, महू म्हणजे मोहाची फुलं, आणि परत जाताना मीठ. आत्मारामचं घर शोधायला लागलं नाही. नाव घेताच "नकाशावाला आत्माराम" म्हणत चार जणांनी चार बाजूंनी तेच घर दाखवलं. तो घराची शेती बघतो आणि लोकांना घरांचे, विहिरींचे, शाळेच्या खोल्यांचे नकाशे काढून देतो.

तो ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. केस पांढरे झालेले, चष्मा जाड. मला बघून तो उठला नाही. माझ्या हातातल्या फळीकडे बघितलं, आकार बघितला, आणि त्याला कळलं. मला ते त्याच्या हातावरून दिसलं. शेंग तशीच राहिली.

"ये नारायण," तो म्हणाला. "पाय धू आधी."

त्याची बायको जमनाबाई बाहेर आल्या. त्यांनी मला निरखून पाहिलं. "या भाऊ, बठा," म्हणाल्या. "तुम्हनं नाव भलतं ऐकेल शे. बावीस वरीस कोठे व्हतात?"

भलतं म्हणजे पुष्कळ. मी म्हणालो, मुंबईत.

"मुंबई काय लंका शे का?" त्या म्हणाल्या, आणि फळीकडे बोट करून विचारलं, "हाई काय शे? पाट शे का?"

आत्माराम म्हणाला, "पाटच आहे. ठेव भिंतीला." जमनाबाईंनी फळी कणग्यांच्या खोलीत नेऊन ठेवली.

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, कच्चं तेल आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. आमच्याकडे भाकरी ताटात वाढतात आणि एक झाली की दुसरी हवी का विचारतात. इथे विचारत नाहीत. ताटात भाकरी पडत राहते आणि पुरे म्हणणाऱ्याला उपाशी समजतात. जेवताना आत्माराम पिकाबद्दल बोलला, लढाईबद्दल बोलला, रॉकेल मिळत नाही त्याबद्दल बोलला. माझी नोकरी कशी काय, हेही विचारलं. प्रत्येक वेळी मला वाटलं की आता सांगावं, आणि प्रत्येक वेळी आणखी एक भाकरी आली.

जेवण झाल्यावर जमनाबाई ज्वारी काढायला कणगीपाशी गेल्या आणि मी हात पुसत मागे उभा होतो. कणगीवरचं झाकण त्यांनी काढून भिंतीला टेकवलं. ते झाकण आमची दुसरी डकवण होती. तेलकट झालेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, मधोमध तांब्या ठेवून पडलेला गोल डाग. पण उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकट शाबूत होती आणि तीत दोन नावं होती. पहिलं माझं होतं. अक्षर आत्मारामचं.

मी जमनाबाईंना विचारलं, हे चित्र इथे कसं. त्या म्हणाल्या की पूर्वी दिवाणखोलीत होतं. लेकीच्या लग्नात घर सारवलं तेव्हा उतरवलं, नंतर झाकण करायला हेच मापाचं निघालं. मग त्यांनी जे सांगितलं ते मराठीत असं होतं: यांना मी म्हटलं दुसरी फळी करून द्या, तर हे म्हणाले राहू दे, रोज उघडझाक होते ते बरंय.

डोंगराखालचं घर

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्माराम म्हणाला, चल, आज मला लाहला जायचंय. लाह म्हणजे काय ते वाटेत सांगितलं. डोंगरातल्या वस्तीत कुणाला घर बांधायचं असेल, शेत निंदायचं असेल, तर तो बाकीच्यांना हाक देतो. सगळे येतात. मजुरी नसते. ज्याचं काम तो जेवण घालतो. ज्या पावरा, म्हणजे डोंगरातल्या आदिवासी, शेतकऱ्याचं घर होतं तो जात्र्या, आत्मारामचा जुना ओळखीचा. आत्मारामची विहीर खचली होती तेव्हा तो आठ माणसं घेऊन आला होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा तीसेक माणसं कामाला लागली होती. सागाचे खांब आदल्या दिवशीच उभे केलेले होते. वर बांबूचा सांगाडा, आणि आता काड्यांच्या कुडाला माती लावणं चाललं होतं. माती, शेण आणि भाताचा कोंडा पायानं तुडवून गोळे करायचे, हातानं कुडावर दाबायचे. बायका एका बाजूनं, पुरुष दुसऱ्या बाजूनं. बोलणं पावरीत, हसणं पुष्कळ. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

मी बावीस वर्षं घरांचे नकाशे काढतोय. भिंतीला हात लावून ती कधी बांधली नव्हती. मी गोळा उचलला आणि गवंडी गिलावा मारतो तसा फेकला. तो चिकटला आणि सावकाश घसरून माझ्या पायावर पडला. दुसराही पडला. जात्र्या आत्मारामला काही म्हणाला आणि सगळे हसले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, तुझ्या मित्राला भिंतीचा राग आलाय का."

मग जात्र्यानं माझं मनगट धरून दाखवलं. गोळा तळव्यात धरायचा, कुडाच्या काड्यांमध्ये अंगठ्यानं आत ढकलायचा, मग तळव्यानं पसरायचा. तासाभरात मला जमू लागलं. दाराशेजारी माझी हातभर जागा झाली. मी ती गुळगुळीत केली आणि शेवटी तिच्यावर पाच बोटं उमटवली. आवडली म्हणून, दुसरं काही नाही. तेवढ्यात एक म्हातारी हातात ओली चिंधी घेऊन भिंतीच्या कडेनं येत होती. ती माझ्या जागेपाशी आली आणि न थांबता माझा पंजा पुसून पुढे गेली. तिनं जात्र्याचाही पुसला होता आणि आत्मारामचाही. तिचं ते कामच होतं.

दुपारी पळसाच्या पानावर मक्याची जाड भाकरी आणि उडदाची डाळ मिळाली. डाळीत आमचूर इतकं की दात आंबले. महूची दारूही फिरली. मी ती नको म्हटलं तेव्हा कुणी आग्रह केला नाही, फक्त माझा वाटा आत्मारामनं घेतला. भिंत उन्हात वाळत होती. तिच्याकडे बघता बघता मला एकदम हलकं वाटलं. मी मनाशी म्हणालो, इथे कुणाच्या हाताचं काय हे कुणी विचारत नाही. नाव पुसण्यात गुन्हा तो काय. आणि दुर्बुद्धी अशी की मी ते बोललो.

मी आत्मारामला म्हणालो, "बघ, यांच्यात नाव नसतंच. आपलंही चुकलंच, आपण उगाच कोपऱ्यात चौकटी काढत बसलो."

आत्मारामनं पान खाली ठेवलं. आल्यापासून पहिल्यांदाच तो मला रागावलेला दिसला.

"घर कुणाचं आहे?" त्यानं विचारलं.

"जात्र्याचं."

"त्यात राहणार कोण?"

"जात्र्या."

"आणि उद्या या तिसांतल्या कुणाचं घर निघालं, तर जात्र्या कुठे असेल?"

मी पानातली डाळ भाकरीनं गोळा करू लागलो.

"नाव नाही लावत हे खरं," तो म्हणाला. "पण जो तो उलटून परतफेडीला जातो. ज्यानं लाह घेतली तो पुढच्या लाहला गेला नाही, असं इथे होत नाही. गेला नाही तर त्याची भिंत पडली तरी कुणी येणार नाही. तू माझ्या हातचं घेतलंस, त्यात राहिलास. नावाचं सोड. तू उलटून आलास का?"

जात्र्या आमच्याकडे बघत होता. त्याला मराठी कळत नव्हती, पण सूर कळला असावा. त्यानं दोघांच्या पानात एकेक भाकरी टाकली आणि निघून गेला.

मी तेव्हा माफी मागायला तोंड उघडलं. आत्माराम म्हणाला, "मागू नकोस. मागितलीस की मला द्यावी लागेल, घरी पाहुणा आहेस. मी शाळा सोडली ती वडील गेले म्हणून, असं मी जमनाला सांगितलंय, पोरांना सांगितलंय. ते खरं नाही. शेत माझा भाऊ बघत होता. मी येऊ शकलो असतो." एवढं बोलून तो जेवू लागला. मीही जेवलो. जेवण टाकून उठणं जात्र्याच्या घरच्यांना अपमानाचं झालं असतं.

दुपारनंतर दोघांनी एकाच भिंतीला माती लावली. तो बाहेरून, मी आतून. कुडाच्या फटीतून कधी त्याचा अंगठा माझ्या बाजूला निघे.

पुन्हा तळोदा

तिसऱ्या दिवशी सकाळी मी परत निघण्याची तयारी करत होतो. फळी न उघडताच न्यावी असं ठरवलं होतं. कणग्यांच्या खोलीत गेलो तर आत्माराम जमिनीवर बसला होता आणि मेणकापड सुटलेलं होतं.

तापीचं पाणी नेमकं उजव्या खालच्या कोपऱ्यात शिरलं होतं. बावीस वर्षांची खळ फुगली होती आणि जिना एका बाजूनं सुटून वर वळला होता. त्याच्याखाली जुनी चौकट दिसत होती. "आत्मा" एवढी अक्षरं बाहेर आली होती, "राम" अजून जिन्याखाली होता.

मी म्हणालो, "काढून टाक तो जिना. मी त्यासाठीच आलोय. संपादकांना दोघांची नावं कळवतो, तुझं पहिलं. झालं काय तेही लिहितो."

"उपटायचं नाही असं ठरलं होतं," तो म्हणाला. "तू झाकलंस ते नियमानं झाकलंस. नियम मोडलास तो दुसरा. तुझी पाळी झाल्यावर माझी होती. ती तू येऊ दिली नाहीस. तू डकवलंस तेव्हा चित्र पुन्हा सुरू झालं, आणि ते संपलं असं तू एकट्यानंच ठरवलंस."

त्यानं जमनाबाईंना हाक मारून खळ करायला सांगितली. त्या म्हणाल्या की गव्हाचं पीठ रेशनवर मिळतं, ते काय फळीला खाऊ घालायचं. पण केली. आत्मारामनं बोटानं खळ घेतली, सुटलेला जिना सावकाश खाली दाबला आणि ओल्या फडक्यानं कड पुसली. स्वतःचं नाव त्यानं स्वतः पुन्हा झाकलं. मला ते बघवत नव्हतं. मी तसं म्हणालो, तर म्हणाला, "मग डोळे मीट. पाळी माझी आहे."

मग त्यानं वाटीत धुण्याचा सोडा कालवला. निळ्या नकाशावर चूक दुरुस्त करायची असली की आम्ही सोड्याच्या पाण्यात टाक बुडवून रेघ काढत असू. सोडा निळा रंग खातो आणि रेघ पांढरी उठते. त्यानं फळी गुडघ्यावर घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे कागदाला भिडवून उलट्या जिन्याच्या शेवटच्या पायरीपुढे एक चौरस ठेवण, म्हणजे वळणावरचा सपाट टप्पा, काढली. जिथे पायऱ्या भिंतीत जात होत्या तिथे आता पाय टेकायला जागा झाली. ठेवणीपासून परत फिरून वर जाणाऱ्या पायऱ्या त्यानं एकामागून एक उठवल्या. रेघा आमच्या वर्गातल्यासारख्या सरळ नव्हत्या. सातवी पायरी माझ्या बारीक सहीतून गेली आणि सहीची निळी जमीन पांढरी झाली. सही आता वाचता येत नाही.

त्यानंतर त्यानं खिशातून पुडी काढली. तीत जात्र्याच्या भिंतीची वाळलेली माती होती, कोंड्यासकट. ती खळीत कालवून त्यानं नव्या पायऱ्यांच्या बाजूला भिंत म्हणून थापली. अंगठ्यानं आत ढकलली, तळव्यानं पसरली, आणि बोटांचे ठसे चिंधीनं पुसून टाकले.

"झालं?" मी विचारलं.

"माझी पाळी झाली," तो म्हणाला. "चित्र झालं की नाही ते तुझ्या पाळीनंतर बघू."

मी तिथेच बसून माझी पाळी करायला तयार होतो. तो नाही म्हणाला. एका दिवशी एकाचीच पाळी, हाही नियमच होता. आणि ओली माती वाळायला हवी.

"संपादकांना काय कळवू?"

"अर्धं चित्र छापू नका म्हणावं. बाकी तुला काय लिहायचं ते लिही."

फळी मी तळोद्यालाच ठेवली. निघताना जमनाबाईंनी आमचूर आणि भाकऱ्या बांधून दिल्या. नदीपर्यंत पोचवायला आत्माराम आला नाही. त्याला शेतावर काम होतं. ओट्यावरून त्यानं हात वर केला, एवढंच. नावाड्यानं मला ओळखलं आणि फळी कुठे गेली ते विचारलं. मी सांगितलं की ठेवून आलो, परत यायचंय. मग तो म्हणाला की तसं असेल तर येताना पाऊस लागायच्या आत या.

मुंबईला आल्यावर घरी आधी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बैठकीतली भिंत आता मोकळी दिसते. संपादकांना मी पत्र लिहिलं की चित्र माझं एकट्याचं नव्हतं आणि ते अजून पुरंही झालेलं नाही. त्यांचं उत्तर आलं की रंगीत पान आधीच राखून ठेवलंय, त्या जागी काहीतरी द्या. म्हणून हे दिलं. चित्राखालच्या चार ओळी मागितल्या होत्या, त्या इतक्या झाल्या.

गेल्या आठवड्यात आत्मारामचं कार्ड आलं. माती वाळली, तडा गेला नाही, एवढंच चित्राबद्दल. खाली लिहिलंय की तळोद्यात मोरचूद मिळेनासा झालाय आणि मोरचुदाशिवाय खळीला कीड लागते. मी इथे दोन दुकानं हिंडून छटाकभर मिळवला आहे. पुडी बांधून वळकटीत ठेवली आहे. या खेपेला रजेच्या अर्जात कारण खरं लिहिलं आहे.